डिजिटल चित्र जुन्या छपाईसारखं दिसायला हवं असेल तर टेक्स्चर शेवटी लावा, आधी प्लेटा वेगळ्या करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: प्रोक्रिएटमध्ये (आयपॅडवरचं चित्र काढायचं ॲप) दिवाळी अंकाच्या कव्हरसारखं चित्र काढलंय, हातात तबक घेतलेली बाई, मागे आकाशकंदील, ठळक बाह्यरेषा आणि आत सपाट रंग, आणि ते १९५०-६० च्या सुमाराच्या अंकासारखं दिसायला हवंय. पिवळट कागदाचं टेक्स्चर लावून झालं, ग्रेन टाकून झाला, हाफटोनचे, म्हणजे छटा दाखवणारे लहानमोठे, ठिपकेही टाकले, तरी बघणारा म्हणतो 'छान फिल्टर मारलायस'. जुनं छापलेलं का वाटत नाही?

कारण तुम्ही आधी पूर्ण चित्र केलं आणि मग त्याला जुनं केलं. छापखान्यात असं पूर्ण चित्र कधी नसतंच. तिथे असतात तीन, चार किंवा लिथो (दगडावरची छपाई) असेल तर आठ-दहा एकरंगी चित्रं, म्हणजेच प्लेटा, जी एकाच कागदावर एकामागून एक उमटतात, आणि जी काही गडबड होते (शाई कमी पडली, प्लेट सरकली, ठिपका फुगला) ती त्या त्या रंगाच्या वाट्याला वेगवेगळी येते. पिवळा नीट बसला आणि लाल सरकला. निळ्याला भोकं पडली आणि काळा दाट बसला. तुमचं टेक्स्चर मात्र सगळ्या रंगांवर एकाच जागी एकसारखं बसलंय, आणि डोळ्याला ते लगेच कळतं, भले माणसाला कारण सांगता येत नसेल. मी प्रीप्रेसमधून, म्हणजे छपाईआधीच्या तयारीच्या कामातून, इलस्ट्रेशनकडे आलो त्यामुळे मला ही गोष्ट आयती मिळाली, पण ती शिकायला छापखान्यात जायची गरज नाही, एक जुना अंक आणि एक भिंग पुरतं.

आधी ठरवा की कुठली छपाई. 'व्हिंटेज' म्हणून सगळं एकत्र ढवळलं की तिथेच पहिला खोटेपणा येतो. आपल्याकडे ढोबळमानाने तीन वेगवेगळे लूक आहेत. पहिला दगडाच्या लिथोचा. सेनेफेल्डरने १७९६ मध्ये जर्मनीत काढलेली ही पद्धत, तेलकट खडूने दगडावर काढायचं, दगड ओला करायचा, शाई फक्त तेलकट जागी धरते. रंगीत लिथोला प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. पुण्याची चित्रशाळा १८७८ ची, रवि वर्मांचा प्रेस १८९४ ला मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. घरोघरच्या देवांच्या तसबिरी यातून आल्या. या चित्रांत यांत्रिक हाफटोन नसतो हे नीट लक्षात घ्या! भिंगाखाली बघितलं तर गालावरची सावली म्हणजे कारागिराने हाताने टिंबं टिंबं देऊन केलेली, वेडीवाकडी, कुठे दाट कुठे विरळ. लक्ष्मीच्या तसबिरीवर कॉमिक्ससारखे गोल गोल ओळीतले ठिपके टाकलेली पोस्टर्स आजकाल बरीच दिसतात, ती बघून मला दर वेळी हसू येतं.

दुसरा लूक ब्लॉकच्या छपाईचा, म्हणजे लेटरप्रेस. जस्ताचा किंवा तांब्याचा ब्लॉक, वर आलेला भाग शाई घेतो आणि कागदावर दाबला जातो. मजकूर खिळ्यांचा (धातूच्या सुट्या अक्षरांचा), रेघांच्या चित्राला लाइन ब्लॉक, फोटो किंवा रंगवलेल्या चित्राला हाफटोन ब्लॉक, आणि रंगीत असेल तर जुन्या मासिकांत कौतुकाने छापलेलं असायचं ते 'त्रिरंगी' चित्र. तिसरा लूक ऑफसेटचा (शाई सपाट प्लेटवरून रबरावर आणि रबरावरून कागदावर), साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकातली कॅलेंडरं, कॉमिक्स, सिनेमाची पोस्टर्स. यात ब्लॉकसारखा दाब नसतो, शाई पातळ आणि सपाट बसते, ठिपके जास्त स्वच्छ.

तुम्हाला १९५०-६० चं दिवाळी अंकाचं कव्हर हवंय, म्हणजे तुमचा मामला ब्लॉकचा. आता त्यातही त्या काळचे दोन चित्रकार बघा, दीनानाथ दलालांची वळणदार रेघ आणि सपाट रंगाचे मोठे पट्टे एकीकडे, आणि रघुवीर मुळगावकरांचं स्प्रेने केलेलं मऊ, गुळगुळीत, जवळजवळ फोटोसारखं काम दुसरीकडे. तुमच्या वर्णनावरून बाह्यरेषा ठळक आहे आणि आत सपाट रंग आहेत, मग नशीबवान आहात, कारण सपाट रंग छपाईचं नाटक करायला सगळ्यात सोपे. मुळगावकरी मऊपणा हवा असेल तर सगळा भार हाफटोनवर येतो आणि काम तिप्पट होतं.

फाइल खऱ्या मापाची करा. क्राउन १/४ म्हणजे साडेसात बाय दहा इंच, ६०० डीपीआयला (इंचाला ६०० पिक्सेल) ४५०० बाय ६००० पिक्सेल. हे माप ठरलं की पुढचं सगळं मिलिमीटरमध्ये बोलता येतं. नाहीतर 'थोडंसं सरकव', 'ठिपके जरा मोठे कर' असा अंदाजपंचे कारभार होतो आणि मग चित्र पोस्टकार्डएवढं वाटतंय की भिंतीएवढं तेच कळत नाही.

मग रेघ वेगळी काढा. अगदी वेगळी, तिच्या लेयरवर, शुद्ध काळी, कडा कडक, अँटिअलायझिंगचा, म्हणजे कडा मऊ करणाऱ्या करड्या पिक्सेलांचा, धूर नको. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि बहुतेक लोक इथेच फसतात. आरजीबीचं (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्याचं) चॅनल डावी-उजवीकडे सरकवून 'मिसरजिस्ट्रेशन' (रंग जागेवर न बसणं) करणारे ट्यूटोरियल शेकड्याने आहेत, पण त्याने काळी रेघच फुटते आणि तिच्या एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला निळसर कड येते, थ्रीडी चष्म्याशिवाय थ्रीडी सिनेमा बघितल्यासारखी. छपाईत काळ्याचा ब्लॉक स्वतंत्र असतो, रेघ कधी फुटत नाही, रंग तिच्या बाहेर डोकावतो किंवा तिच्यापर्यंत पोचत नाही आणि मध्ये कागदाची पांढरी चीर दिसते. दुसरा सापळा म्हणजे सरळ सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या सायन (आकाशी निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी), यलो, काळा या चार शायांमध्ये, कन्व्हर्ट करणं. फोटोशॉपच्या नेहमीच्या अमेरिकन प्रोफाइलमध्ये आरजीबीचा काळा म्हणजे साधारण ७५, ६८, ६७, ९० टक्के असा चारही रंगांत वाटला जातो, मग सायन जरा हलवला की प्रत्येक रेघेला भूत. म्हणून रेघेचा लेयर बाजूला ठेवायचा, फक्त रंगांचं चित्र फ्लॅटन करायचं, कन्व्हर्ट टू प्रोफाइलमध्ये जाऊन कस्टम सीएमवायके घ्यायचं आणि ब्लॅक जनरेशन 'नन' करायचं. झालं, तुमच्याकडे सायन, मॅजेंटा, यलो अशी त्रिरंगी फाइल आली आणि काळा म्हणजे तुमची रेघ.

आता चॅनल पॅनेलमधून स्प्लिट चॅनल्स करा. (प्रोक्रिएटमधून पीएसडी काढून फोटोशॉपमध्ये आणा. फोटोशॉप नसेल तर गिम्पमध्ये डीकंपोज आहे, फुकट आहे, चालतं.) प्रत्येक चॅनल वेगळी करडी फाइल होते. काळ्याची फाइल कोरी असेल, ती टाकून द्या. उरलेल्या प्रत्येकीला इमेज, मोड, बिटमॅप, आउटपुट १२००, मेथड हाफटोन स्क्रीन, आणि तिथे तीन गोष्टी विचारतात. फ्रिक्वेन्सी म्हणजे एका इंचात ठिपक्यांच्या किती ओळी: वर्तमानपत्री कागदाला ६५ ते ८५, चांगल्या आर्ट पेपरवरच्या मासिकाला १३३ ते १५०. तुमच्या कव्हरला मी ८५ ते १०० घेईन, खरं कव्हर याहून बारीक असू शकतं पण ठिपका थोडा दिसला तर मजा आहे. अँगल: सायन १५, मॅजेंटा ७५, यलो ०. कधी करड्या छटांचाही काळा लागला तर ४५. हे आकडे कोणाची लहर नाही, ठळक रंगांमध्ये ३० अंशांचं अंतर ठेवलं की मॉयरे, म्हणजे ते लाटांसारखे नको असलेले पट्टे, कमीत कमी दिसतात, आणि पिवळा फिका असल्याने त्याला उरलेल्या जागेत कोंबलेला असतो. शेप राउंड ठेवा.

आउटपुट १२०० का? ६०० ला ८५ ओळी टाकल्या तर एका ठिपक्याच्या वाट्याला जेमतेम ७ बाय ७ पिक्सेल येतात, म्हणजे पन्नासच्या आसपास छटा, आणि ठिपके चौकोनी दिसतात. १२०० ला १४ बाय १४ मिळतात, मग ठिपका गोल होतो. काम झालं की परत करडी करून ६०० वर आणा. फिल्टर मेनूतलं कलर हाफटोन वापरू नका असं म्हणत नाही, पटकन काहीतरी दाखवायला ठीक आहे, पण आरजीबी फाइलवर ते आरजीबी चॅनलांवरच चालतं, शाईंवर नाही. प्रोक्रिएटचं स्वतःचं हाफटोनही तसंच, एका झटक्यात सगळ्या चित्रावर. तुम्ही तेच वापरलंत असं वाटतंय.

तिन्ही प्लेटा आणि रेघ एका आरजीबी फाइलमध्ये लेयर म्हणून आणा. प्रत्येक लेयरवर ग्रेडियंट मॅप क्लिप करा, काळ्याच्या जागी शाईचा रंग, पांढऱ्याच्या जागी पांढरा, आणि लेयर मल्टिप्लाय. शाईचे रंग निवडताना स्क्रीनचा झगझगीत सायन घेऊ नका. छापलेला सायन आरजीबीत साधारण ०, १७४, २३९ असतो, मॅजेंटा २३६, ०, १४०. जुन्या कामाला मी सायन थोडा मळका निळ्याकडे नेतो, मॅजेंटा थोडा लालाकडे, पिवळ्यात किंचित केशरी. आणि काळा कधीही शून्य-शून्य-शून्य नाही, स्वस्त काळी शाई खडबडीत कागदावर ३५, ३०, २८ असल्या तपकिरी-करड्यावर थांबते. नुसत्या या एका बदलाने निम्मं काम होतं, खोटं वाटत असेल तर आत्ता करून बघा.

रजिस्ट्रेशन. अख्खी प्लेट एकाच दिशेने सरकते, साडी डावीकडे आणि कंदील उजवीकडे असं होत नाही. किती सरकवायची? ०.३ ते ०.४ मिमी, म्हणजे ६०० डीपीआयला ७ ते ९ पिक्सेल, तेही एखाद्याच रंगाला. दुसऱ्याला दोन-तीन पिक्सेल, तिसरा जागच्या जागी. वर अगदी ०.०५ अंशाच्या आसपास फिरवा, त्यामुळे एका कोपऱ्यात रंग नीट बसलेला आणि समोरच्या कोपऱ्यात सुटलेला दिसतो. खऱ्या छपाईतही प्रत्येक रंगाच्या मध्ये दमट हवेने कागद फुगायचा, आकसायचा, त्यामुळे चूक सगळीकडे सारखी नसायचीच. लोक वीस-तीस पिक्सेल सरकवतात, तसा कागद मशीनमननेच रद्दीत टाकला असता हो, दिवाळी अंकाचं कव्हर होतं ते.

यानंतर शाई फुगवा. ठिपका कागदावर पसरतो, न्यूजप्रिंटवर तर ५०% चा टिंट (फिकी छटा) ७५ च्या पुढेमागे दिसतो, म्हणजे चित्र अंधारं होतं. म्हणून प्लेटा करण्याआधीच मधल्या छटा कर्व्हने उजळून घ्या, आणि हाफटोन झाल्यावर प्रत्येक प्लेटला पाऊण-एक पिक्सेल गॉशियन ब्लर देऊन लेव्हल्सने परत कडक करा. कोपरे गोलावतात, जवळचे ठिपके एकमेकांना चिकटतात, रेघेच्या फटी बुजतात. ब्लॉकची खास खूण अजून एक आहे, दाबामुळे शाई कडेला ढकलली जाते, म्हणून जाड अक्षराची किंवा भरीव रंगाची कड गडद आणि तिच्या आत जरासा फिका पट्टा. काळ्याच्या प्लेटचं सिलेक्शन दोन पिक्सेल आत घेऊन, फेदर करून, ८-१०% उजळा. ऑफसेटच्या लूकला हे करायचं नाही, तिथे तसा दाब नाही.

आता कुठे टेक्स्चर. आणि तेही वरून ओव्हरले नाही, प्रत्येक प्लेटच्या मास्कमध्ये. शाई जिथे बसली नाही तिथे खालची शाई किंवा कागद दिसला पाहिजे, म्हणजे निळ्याला भोक पडलं तर खालचा पिवळा दिसणार, सगळीकडे पांढरे शिंतोडे नाही. प्रत्येक प्लेटला वेगळं टेक्स्चर, निदान तेच ९० अंशात फिरवून. नेटवरचे फुकटचे पॅक नका वापरू, तेच चार डाग सगळ्यांच्या कामात दिसतात. पोस्टर कलर किंवा लिनोची शाई रोलरने खरखरीत कागदावर पातळ ओढा, वाळली की ६०० डीपीआयला करडं स्कॅन करा, असे पाच-सहा तुकडे केले की पुढची कित्येक वर्षं बघायला नको. याहून सोपं म्हणजे कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान: प्रत्येक प्लेट काळ्यात प्रिंट काढा, टोनर संपत आलेल्या मशीनवर तिची झेरॉक्स काढा, स्कॅन करून परत लेयरमध्ये आणा आणि रंग द्या. हा खडबडीतपणा कुठल्याही ब्रशला जमत नाही.

लिथोचा लूक कधी करावासा वाटला तर हाफटोनची सगळी पायरी गाळा. सीएमवायकेही नको, स्वतःच शाया ठरवा: फिका पिवळा, गुलाबी, गव्हाळ, फिका निळा, गडद निळा, करडा, लाल, आणि शेवटी तपकिरी काळा. प्रत्येक शाईची करडी प्लेट काढा, त्यात ३०-४०% नॉइज टाका, एक-सव्वा पिक्सेल ब्लर, मग थ्रेशोल्ड. दगडाच्या दाण्यासारखे वेडेवाकडे ठिपके येतात. चेहरा आणि हात मात्र स्टिपल ब्रशने हाताने करा, तिथे मशीनचा ग्रेन लगेच उघडा पडतो. जुन्या तसबिरींवर बायका घरी जरी, टिकल्या, कापड चिकटवायच्या, तो वेगळाच खेळ आहे.

कागदाचं वय. इथे एक गोष्ट ठरवायची, हा अंक कपाटात होता की चित्र भिंतीवर होतं? दोन्ही एकदम होत नाही. कपाटातल्या अंकाचा रंग फारसा उडत नाही पण कागद पिवळा पडतो, लाकडाच्या लगद्यातल्या लिग्निनमुळे, आणि तो कापलेल्या तीन कडांकडून आत पिवळा होत येतो, घडीची बाजू बरी राहते. म्हणजे चारी बाजूंनी गडद होत येणारं गोल व्हिनेट चुकीचं. पिनांच्या जागी गंज, कोकण-मुंबईच्या दमट हवेतला असेल तर थोडे तपकिरी ठिपके, बास. भिंतीवरच्या उन्हात राहिलेल्या चित्राचा मॅजेंटा आणि पिवळा आधी उडतो आणि सगळं निळं-करडं होतं, सलूनमधलं जुनं पोस्टर आठवा. तुमच्या कव्हरला कपाटवालं वय द्या आणि कागदाचा रंग सगळ्यात खालच्या लेयरला, म्हणजे तो सगळ्या शायांतून दिसेल आणि चित्रातला सगळ्यात पांढरा रंग म्हणजे कागदच असेल. डोळ्यातला पांढरा ठिपका वेगळा शुभ्र ठेवलात तर सगळं मुसळ केरात. आतलं पान करत असाल तर मागच्या पानाचा मजकूर उलटा करून, तीन-चार पिक्सेल ब्लर करून, ५% वर मल्टिप्लाय टाका. कोणाला दिसत नाही पण सगळ्यांना पटतं.

अक्षरांबद्दल थोडं. अंकाचं नाव हाताने काढा, त्या काळात चित्रकारच काढायचे, आजच्या फॉन्टमध्ये टाइप केलं की बाकीची मेहनत पाण्यात. किंमत, वर्ष असला बारीक मजकूर खिळ्यांचा दाखवायचा तर शिरोरेखेत दोन खिळ्यांच्या मध्ये केसाएवढी फट ठेवा, एखादी मात्रा किंचित खाली-वर करा, ल आणि श मराठी वळणाचे घ्या. आणि १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचा काळ दाखवत असाल तर 'कांहीं', 'नाहीं' असे अनुस्वार लागतील, जाणकार वाचक तिथेच पकडतो.

शैली घ्या पण जुनं चित्र उचलू नका. आपल्याकडे कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. रवि वर्मा १९०६ ला गेले, ते मोकळे आहेत. दलाल १९७१ ला गेले, म्हणजे २०३१ संपेपर्यंत नाही.

शेवटचं, आणि तुमचा अर्धा त्रास बहुतेक इथलाच आहे. इन्स्टाग्रामला १०८० पिक्सेल रुंद टाकलं की साडेसात इंचाचं चित्र इंचाला १४४ पिक्सेलवर येतं, ८५ च्या हाफटोनला एका ठिपक्यामागे दोन पिक्सेलही उरत नाहीत, त्याचा चिखल होतो किंवा मॉयरेचे पट्टे येतात, आणि तुम्हाला वाटतं टेक्स्चर कमी पडलं, मग अजून लावता. तपासताना नेहमी १००% झूमवर बघा, ३३ किंवा ६६ वर दिसणारे पट्टे खरे नसतात. पोस्ट करायला वेगळी फाइल करा, २५ ते ३० ओळींचा जाड हाफटोन, एका ठिपक्याला पाच-सहा पिक्सेल येतील एवढा, बाकी प्लेटा, शाया, कागद तेच, फक्त सरकवण्याचं माप या फाइलला एक-दोन पिक्सेलच. सोबत दुसऱ्या स्लाइडला मूळ फाइलमधला चेहऱ्याचा किंवा तबकाचा एक तुकडा १००% वर कापून लावा. छापायला द्यायची फाइल मात्र ६०० चीच, आणि छापणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की ठिपके मुद्दाम आहेत, नाहीतर तो बिचारा चित्र स्वच्छ करून देईल.